आज मान कुणाचा?

शनिवारी दुपारी दुकानात एक टेबलफॅन उघडून बसलो होतो, तेवढ्यात शीतलचा फोन आला. शीतल म्हणजे आक्काची मुलगी. "काका, आई गेली," एवढंच म्हणाली आणि फोन तसाच कानाला धरून राहिली. मीही धरून राहिलो. जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. समोर फॅनची पाती पडली होती, गिऱ्हाईक उभं होतं, आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? उद्या रविवार... उद्या मान कुणाचा? स्वतःचाच राग आला. पण आता काही आठवडे उलटल्यावर वाटतं, तो विचार इतका वेडगळ नव्हता. आक्काला तोच आवडला असता.

आक्का म्हणजे प्रमिला कांबळे. माझी सख्खी बहीण नव्हे. मंगळवार पेठेत आमच्या दोन घरांमध्ये एक बोळ, एवढंच नातं. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, सत्तरीला टेकलेली. माहेर कुरुंदवाडचं. तरुणपणी जयसिंगपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि रोज कुरुंदवाडहून सायकलवर कामाला जायची. ट्रंक कॉलच्या जमान्यात कमावलेला तिचा आवाज निवृत्तीनंतरही उतरला नाही. बोळाच्या पलीकडून तिने "सुऱ्याऽऽ" म्हणून हाक मारली की आमच्याकडे कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही. सायकल तिची काळी, बावीस इंची, मधल्या दांडीची, पुरुषी. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, पायात कॅनव्हासचे बूट, आणि शीतलने जबरदस्तीने दिलेलं हेल्मेट, ज्याला ती "पातेलं" म्हणायची. दांडीवरून पाय टाकून ती बसली की अनोळखी माणूस थांबून बघायचा. ती त्याला म्हणायची, "पावणं, वाट चुकलासा व्हय?"

माझं सायकलचं प्रेम वेगळ्या जातीचं. मला गिअर आवडतात. चढ समोर दिसला की अंगठ्याने खटका दाबावा, साखळी टक्कन खाली उतरावी आणि पाय हलके व्हावेत, यात मला जे सुख मिळतं ते मिसळीच्या पहिल्या घासातही नाही. आक्काला नेमका याचाच तिटकारा. "चढ आला की चढ लागला पायजे की. तू चढाला फसवतोस." मी म्हणायचो, "फसवत न्हाई आक्का, समजूत काढतो त्याची." हे भांडण आम्ही किती वर्षं केलं, मोजदाद नाही. ती माझ्या सायकलला एकदाही चांगलं म्हणाली नाही. मी तिच्या त्या लोखंडी रेड्याला चांगलं म्हटलं नाही. आणि तरीही रविवारी सकाळी ती माझ्याच दारात येऊन घंटी वाजवायची.

आमचा रविवारचा गट आधी अगदीच ढिसाळ होता. खासबागेजवळच्या चहाच्या टपरीपाशी जमायचं आणि निघायचं. कुणी आलं तर आलं. त्यात राजारामपुरीतला रोहित आला. संगणकाचं काम घरातून करणारा, तिशीच्या आतला पोरगा. सायकल अशी हलकी की एका हाताने उचलावी. त्याच्यासारखे आणखी दोघं-तिघं आले. दुसऱ्या टोकाला आमच्या गल्लीतले बाबूकाका, पिठाच्या गिरणीचे मालक. भुवयांवर कायमचं पीठ, आणि सायकल चालवण्यापेक्षा वाटेत थांबण्याची आवड जास्त. ऊस दिसला थांब, विहीर दिसली थांब. परत येताना गंगावेशीत म्हशीच्या कासेखालचं धारोष्ण दूध प्यायल्याशिवाय काकांचा रविवार पूर्ण व्हायचा नाही. रोहितला त्या दुधाच्या वासाने मळमळायचं.

एकदा पन्हाळ्याला गेलो. त्या दिवशी माझी साखळी सारखी निसटत होती म्हणून मी मागे पडलो होतो, बाबूकाकांबरोबर. आक्का पुढे जाऊ शकली असती, पण ती आमच्यासोबत थांबली. घाटाच्या शेवटच्या वळणावर पोहोचतो तोच वरून रोहित आणि मंडळी सुसाट खाली उतरताना दिसली. नाश्ता करून, फोटो काढून परत निघाली होती. "या काका सावकाश!" असा हात हलवून निघून गेली. मनात वाईट नव्हतं पोरांच्या. पण काकांनी सायकल कठड्याला टेकवली आणि म्हणाले, "मी आपला पुढच्या वेळेपासनं न्हाई येत. तुमाला माझ्यामुळं तरास." एरवी हसतमुख असणारा माणूस आमच्याकडे न बघता बोलत होता.

खाली खासबागेत पोरं टपरीवर थांबलेलीच होती. मला वाटलं, आता आक्काच्या तोफेला तोंड फुटणार. मी तर मनातून वाटच बघत होतो. पण तिने चहा मागवला, सगळ्यांच्या हातात ग्लास येईपर्यंत गप्प राहिली आणि मग म्हणाली, "लग्नात मामाचा मान असतोय, जावयाचा असतोय. त्या येळंला त्याच्या तोंडाला कोण लागतंय का? फेटा मागितला फेटा, पाट मागितला पाट. पुढचा रविवार बाबूचा मान. तो म्हणंल त्या वाटंनं, तो म्हणंल त्या चालीनं, तो म्हणंल तिथं खायचं. त्याच्या फुडल्या रविवारी दुसऱ्याचा." रोहित म्हणाला, "आक्का, आणि नाही आवडलं तर?" आक्का म्हणाली, "कोण म्हणतंय आवडलंच पायजे? वाटंत तोंड उघडायचं न्हाई. हितं परत आल्यावर, चहा हातात घिऊन, समद्यांच्या देखत मोठ्यानं सांगायचं. गोड बोलून मागनं नावं ठिवायची न्हाईत." एवढेच दोन नियम. आमच्या गटाला नाव नाही, झेंडा नाही, मान आहे.

दुसऱ्या रविवारी बाबूकाकांनी आम्हाला कात्यायनीच्या देवळाच्या वाटेवर इतक्या वेळा थांबवलं की मला माझं अर्धं आयुष्य उसाच्या बांधावर गेल्यासारखं वाटलं. परत येऊन रोहित टपरीवर म्हणाला, "काका, मला झोप आली आज." काका खदाखदा हसले. मग रोहितचा मान आला. पहाटे अंधारात निघणं, मध्ये थांबणं नाही, चहा नाही. पन्हाळ्यावर एकेक केळं आणि पाण्यात घालायची कसली तरी गोड पूड. काकांनी सगळ्यांच्या आधी निघून जाऊन तो दिवस निभावला. आक्का आपल्या रेड्यावरून वर पोहोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. ड्रेस घामाने भिजलेला, चेहरा मिरचीसारखा लाल. पण पोहोचली. ते गोड पाणी नाक मुरडून प्यायली, एक शब्द बोलली नाही. खासबागेत आल्यावर मात्र ग्लास हातात घेऊन जे सुरू झाली... रोहित आजही त्यातली वाक्यं पाठ म्हणून दाखवतो.

तिच्या स्वतःच्या मानाला सगळ्यात जास्त घाबरायचो तो मी. तिच्या रविवारी फोन पिशवीत जायचे. भेटेल त्या माणसाची चौकशी व्हायची. म्हशीची, सुनेची, दहावीच्या निकालाची. आणि गिअरवाल्यांनी निघताना एक गिअर धरायचा, परत येईपर्यंत बदलायचा नाही. छळ होता, दुसरा शब्द नाही. चढावर माझ्या मांड्या ओरडायच्या, अंगठा त्या खटक्यापाशी जाऊन परत यायचा आणि ही बाई शेजारून विचारायची, "लागला का चढ?"

एका हिवाळ्यात आपल्या मानाच्या पाळीला तिने थेट माहेर गाठायचं ठरवलं. कुरुंदवाडला तिच्या भावाकडे मुक्काम केला. वहिनींनी भरल्या वांग्यांचा घाट घातला होता. काकांना तेल चालत नव्हतं, रोहितला उकडलेली अंडी हवी होती, मला भाकरीऐवजी भात. वहिनी कातावल्या, "प्रमिला, ही माणसं हायत का हाटेल?" आक्का म्हणाली, "ज्याचं त्याला दे की गं. ताट एकच हाय का?" सकाळी नदीकाठी बसलो होतो तेव्हा मी तिला विचारलं की ही पुरुषी सायकलच का, बायकांची का नाही घेतली कधी? ती जराशी चिडली. म्हणाली, "वडलांनी आणलेली, लेडीज. नवीकोरी, बास्केटवाली. मी हातबी लावला न्हाई. समदी विचारायची, का? एक्स्चेंजातला सायब विचारायचा, लग्नाला बघाय आलेली विचारायची. आवडती म्हणून, दुसरं काय? प्रत्येक आवडीचं कारण द्यायला मी काय कोर्टात उभी हाय?" आणि वर म्हणाली, "तुला गिअर का आवडत्यात, हे मी कधी इचारलं? वंगाळ हायत, एवढंच सांगितलं."

यावर मी खूप दिवस विचार केला. आपल्याकडे माणसं समोरच्याची आवड दोनच रीतींनी हाताळतात. एक तर ती मोडीत काढायची, नाहीतर ओठावर साखर ठेवून "छान, छान" करायचं. आक्काने तिसरीच रीत धरली होती. तिला जे आवडत नव्हतं ते आवडत नसल्याचं ती तोंडावर सांगायची आणि मग त्याच माणसाच्या शेजारी सायकल लावून निघायची. मला तिचा राग यायचा, कधी कधी तर भयंकर यायचा, पण तिच्यापासून मला काही लपवावं लागलं नाही. अशी माणसं आयुष्यात किती भेटतात? मला एकच भेटली.

मध्ये बाबूकाकांच्या हृदयाचं दुखणं निघालं, अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी बेताने हिंडायला-फिरायला परवानगी दिली तेव्हा काकांच्या मुलाने त्यांना बॅटरीची सायकल घेऊन दिली. पहिल्या दिवशी काका ती घेऊन टपरीवर आले, ते नव्या जावयासारखे अवघडून. रोहितच्या बरोबरचा एक जण हळूच म्हणाला, "ही चीटिंग हाय." फार हळू नव्हतं ते. रोहितही म्हणाला की बॅटरी असेल तर मग स्कूटरने काय घोडं मारलंय? काकांनी सायकल वळवायला घेतली. तेव्हा आक्का पुढे झाली, सायकलीभोवती एक फेरी मारली आणि काकांना म्हणाली, "बाबू, मला तुझी ही सायकल अजाबात आवडली न्हाई. शिलाई मशिनीवानी आवाज हाय हिचा. आता चल, फुडं हो. आज मान तुझा." काकांचा मान त्या दिवशी नव्हताच, माझा होता. मी गप्प बसलो. काका हसले, डोळे पुसले आणि पुढे झाले. चढावर आयुष्यात पहिल्यांदा ते सगळ्यांच्या आधी पोहोचले आणि वर थांबून एकेकाला "या सावकाश" म्हणत राहिले. रोहितने परत आल्यावर "मला अजूनही ही सायकल वाटत नाही" असं मोठ्याने सांगितलं. काका म्हणाले, "न्हाई वाटली तर न्हाई." आणि दोघांनी एकाच कागदातली भजी खाल्ली.

अशी ही आमची आक्का गेली. तो रविवार आम्ही तिला पोहोचवण्यात घालवला. काही जण सायकलींवरूनच आले होते, हातात हेल्मेटं धरून उभे होते. पुढे विहारात जलदान विधी झाला, बुद्धवंदना झाली. कुरुंदवाडच्या वहिनी कोपऱ्यात बसून रडत होत्या. त्यानंतर शीतलने मला घरी बोलावलं. जिन्याखाली ती काळी सायकल उभी होती. शीतल म्हणाली, "काका, मला सायकल चालवता येत नाही, आईने कधी बळजबरीही केली नाही. ही तुम्ही न्या. तुमच्याकडेच शोभेल." मी सायकलीकडे बघितलं. हो म्हणणं सोपं होतं. पण म्हणालो, "शीतल, मला ही सायकल आवडत न्हाई गं. कधीच आवडली न्हाई." शीतल माझ्याकडे बघतच राहिली, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच हसली. मग आम्ही दोघंही पोट धरून हसलो आणि त्यातच रडलोही.

खरी कसोटी त्याच आठवड्यात आली. टपरीवर सगळे जमलो तेव्हा रोहितने बेत मांडला. आक्काच्या स्मरणार्थ मोठी फेरी काढायची. सगळ्यांचे पांढरे टी-शर्ट, त्यावर आक्काचा फोटो, आणि सगळ्यांनी काळ्या बावीस इंची सायकलीच चालवायच्या. जुन्या सायकली भाड्याने देणारा एक जण त्याने शोधूनही ठेवला होता. "एका रांगेत सगळ्या काळ्या सायकली... आक्काच आक्का दिसतील," असं म्हणताना त्याचा आवाज कापत होता. ऐकायला जमलेल्या गल्लीतल्या बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या, पुरुष मान हलवू लागले. हे कोल्हापूर आहे. इथे प्रेम आलं की ते मिरवणुकीसकट येतं. तेवढ्यात बाबूकाका समजूतदारपणे म्हणाले, "दांडीवरनं पाय टाकायचं मला काय जमायचं न्हाई बाबा. मी मागनं रिक्षातनं येतो."

माझं डोकं फिरलं. "मानाची सुरुवात ज्याच्यासाठी झाली, त्याला आक्काच्या नावानं रिक्षात बसवणार? सगळ्यांनी एकसारखी सायकल चालवायची असती तर ती बाई एवढी वर्षं आपल्याशी भांडली कशाला?" रोहित भडकला. "काका, तुम्ही प्रत्येक गोष्टीत आडवं पडता! मला आक्कासाठी कायतरी करायचंय, कळतंय का?" कळत होतं. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. पण काही क्षण असे असतात की तिथे ढिलं पडलं की सगळंच हातचं जातं. एकदा काळ्या सायकलींची फेरी निघाली की दर वर्षी निघणार, मग तिचे नियम होणार, मग बॅटरी नको, मग हे नको, ते नको... आणि आक्काच्या फोटोखाली आक्कानेच उभं केलेलं सगळं मोडून पडणार. मी ग्लास खाली ठेवला आणि म्हणालो, "क्रमानं येणारा रविवार कुणाचा हाय?" सगळ्यांना माहीत होतं. बाबूकाकाच म्हणाले, "आक्काचा." म्हटलं, "मग झालं तर. माणूस गेला म्हणून मान जात न्हाई. ज्याची त्याची सायकल, आणि आक्काची चाल." रोहितने टी-शर्टाचं चित्र काढून आणलेला कागद घडी करून खिशात घातला. पटलं नव्हतं त्याला. पण तो येणार नाही असं म्हणाला नाही.

त्या रविवारी आम्ही कात्यायनीच्या रस्त्याने निघालो. फोन पिशवीत. मी निघताना मधला एक गिअर धरला. बाबूकाकांची शिलाई मशीन गुणगुणत होती. शीतल स्कूटरवरून मागे येत होती, तिला तेच आवडतं म्हणून. रोहितची ती हलकी सायकल इतक्या हळू चालवणं म्हणजे शर्यतीचं घोडं पाण्याच्या गाड्याला जुंपणं, पण तो काकांच्या बरोबरीने चालवत राहिला. वाटेत एका रानातल्या म्हातारीने विचारलं, "ती मोठ्यानं बोलणारी बाई कुठं गेली?" रोहित पायउतार झाला आणि त्याने सांगितलं. मग तिच्या म्हशीची चौकशी केली, सुनेची केली. शेवटच्या चढावर माझा अंगठा खटक्यापाशी गेला, परत आला. शेजारून विचारणारं कुणी नव्हतं. चढ लागला... चांगलाच लागला.

परत येऊन चहा हातात घेतला आणि सगळे मुके झाले. एरवी "हं, बोला आता" म्हणून कोंडी फोडायला ती असायची. ग्लासांवर साय धरली तरी कुणी तोंड उघडेना. सगळ्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं आणि म्हणूनच कुणाला बोलवत नव्हतं. मला भीती वाटली, की आता कुणीतरी "छान झालं" म्हणणार आणि आजच सगळं संपणार. तेवढ्यात रोहित माझ्याकडे वळला आणि चौकातल्या रिक्षावाल्यांनी माना वळवाव्यात इतक्या मोठ्याने म्हणाला, "काका, मला आज अजिबात मजा आली न्हाई! पाय आखडले माझे!" बाबूकाकांनी टाळी दिली, आणि शीतल ओढणीत तोंड खुपसून हसू लागली, आणि मग जो तो बोलू लागला, एकमेकांच्या वर आवाज चढवून. त्या कालव्यात मी आक्काला नीट ऐकलं.

येत्या रविवारी मान रोहितचा आहे. पहाटे अंधारात पन्हाळा, मध्ये थांबणं नाही, चहा नाही. मला पहाटे उठणं आवडत नाही, ते गोड पाणी आवडत नाही, आणि केळं तर लहानपणापासून घशाखाली उतरत नाही. मी जाणार आहे. वर पोहोचेपर्यंत तोंड उघडणार नाही. आणि परत आल्यावर खासबागेत उभा राहून, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने सांगणार आहे.